पिवळी बस, जांभळी जा

“पिवळी. बस.”

सोमारी बसली नाही. माझ्या हातातल्या काचनळीकडे बघत तशीच उभी राहिली. आधीच्या दोन खेपांना तिची नळी जांभळी निघाली होती आणि दोन्ही वेळा मी तिला परत पाठवलं होतं. आज नळी उन्हात धरली तर तळाशी लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ पिवळा थर.

“खरंच पिवळी हाये का, बाई?”

“तूच बघ.”

तिने दोन्ही हातांनी नळी धरली, डोळ्यांजवळ नेली आणि मागच्या मुलींकडे वळून अशी हसली, जसा काही वर्गात पहिला नंबर आला. मग ओट्यावर टेकली. दहा वर्षांची असेल. कपाळ तापलेलं, ओठ सुकलेले, डोळे मात्र लखलखत होते.

“आता दाखवता ना दुर्बिनीतून? माहं रगत?”

“दाखवते. कबूल केलंय ना.”

“मलेबी पाहाचं हाये,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“जांभळीले नाई दाखवत,” सोमारीने परस्पर निकाल देऊन टाकला.

मरकेटोल्याच्या आश्रमशाळेत हा माझा हिवतापाचा तिसरा हंगाम होता. साल चौऱ्याऐंशी, भादवा सरत आलेला. शाळेपासून दोन किलोमीटरवर वनखात्याच्या विश्रामगृहाच्या मागच्या खोलीत आमची प्रयोगशाळा होती. तिथे दोनच माणसं, डॉक्टर तळवेलकर आणि त्यांची तंत्रज्ञ म्हणून मी, शकुन बारसागडे, वय चोवीस. हिवतापाच्या जंतूवर क्लोरोक्विनची गोळी अजून लागू पडते की नाही, एवढंच आम्हाला शोधायचं होतं.

पद्धत समजायला कठीण नाही. एका प्लेटमध्ये आठ खळगे. पहिल्यात औषध नाही. पुढच्या प्रत्येकात आधीच्यापेक्षा जास्त औषध. आजाऱ्याच्या बोटातलं थोडं रक्त सगळ्यांत घालायचं, एक दिवस उबेत ठेवायचं आणि जंतू कुठल्या खळग्यापर्यंत वाढला ते बघायचं. पाचव्यापर्यंत वाढला तर चालतं, औषध अजून त्याच्यावर मात करतं. सहाव्यात वाढला तर औषध हरलं.

यात नियम एकच कडक होता. ज्याच्या अंगात आधीच गोळी गेलेली आहे त्याचं रक्त घ्यायचं नाही. आम्ही प्लेटमध्ये औषध मापून घातलेलं. रक्तातून आणखी औषध आलं तर माप बिघडणार. म्हणून आदल्या दिवशी ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्या मुलींच्या लघवीची आधी तपासणी. बाटलीतले चार थेंब नळीतल्या द्रवात टाकून हलवायचे. अंगात गोळी नसेल तर पिवळा रंग, असेल तर जांभळा. पिवळी बस, जांभळी जा.

मुलींनी त्याचा खेळ केला होता. मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्यासारखी ओढणी खोचून उभी राही, बाकीच्या पुढून जात, ती एकेकीच्या डोक्यावर टपली मारून ओरडे, “पिवळी बस! जांभळी जा!” जांभळीने रिंगणाबाहेर पळायचं. पहिल्यांदा तो खेळ पाहिला तेव्हा मला इतकं हसू आलं होतं की मी माझं काम करणाऱ्या त्या मुलीला नळी कशी धरायची तेही शिकवलं. मला ती खोडच आहे. समोर मूल असलं की दाखवल्याशिवाय राहवत नाही.

मी सोमारीच्या बोटाला सुई लावत होते तेव्हा स्वयंपाकीण तानाबाई कोवे दारात येऊन उभी राहिली. शाळेत नर्स नव्हती, त्यामुळे तापाच्या गोळ्याही तानाबाईच द्यायची.

“तुमच्या पिवळ्या जाते दुर्बीन पाहाले,” ती म्हणाली, “अन् जांभळ्या येते माह्या चुलीपाशी कुडकुडत.”

“त्यांच्या पोटात औषध गेलंय, तानाबाई. ते काम करतंय. बऱ्या होतील.”

“होतीन. मागच्या महिन्यातबी तुमी हेच बोलल्या.” ती सोमारीकडे बघत राहिली. “अन् ही कशी का पिवळी झाली?”

सोमारीने मान खाली घातली. मला वाटलं, सुई टोचली म्हणून.

---

प्रयोगशाळेत सोमारी सूक्ष्मदर्शकाला एक डोळा लावून बघत होती. स्टूलावर उभी, दोन्ही हात मागे बांधलेले. काही हलवायचं नाही असं मी बजावलं होतं.

“काय दिसतं?”

“गोल गोल.”

“ते तुझं रक्त. त्या गोलांच्या आत काही दिसतं का? निळसर?”

“आंगठी,” ती एकदम म्हणाली. “बाई, आंगठी हाये! खडाबी हाये तिले, लाल!”

आमच्या पुस्तकांतही त्या अवस्थेला तेच नाव आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“तोच जंतू. त्यानेच ताप येतो.”

“लय हायेत. एक, दोन, तीन… या सगळ्या माह्याच का?”

खुर्चीत काहीतरी लिहीत बसलेले तळवेलकर सर हसले. “तुझ्याच. श्रीमंत आहेस.”

“गोळीनं मरते ना या?”

“मरतात,” मी म्हटलं.

तिच्यादेखतच मी प्लेट लावली. प्लेट काचेच्या जाड बरणीत ठेवली, आतच शेजारी मेणबत्ती पेटवली आणि झाकण लावलं. ज्योत आधी उंच झाली, मग पिवळी, मग निळी, मग वातीला चिकटून एवढीशी.

“इजते ते,” सोमारी घाबरून म्हणाली. “झाकन काढा ना.”

“विझायलाच हवी. आतली हवा कमी झाली की हा जंतू चांगला जगतो.”

“दिवा इजल्यावर जगते?”

“हो.”

ज्योत गेली. धुराचा एक दोरा बरणीत वर चढला आणि झाकणाखाली पसरला. सोमारी काचेला नाक लावून बघत होती.

आता मी निवृत्त आहे. रविवारी आमच्या गल्लीतली मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी डबक्यातलं पाणी दाखवते, कांद्याचा पापुद्रा दाखवते, मुंगीचा पाय दाखवते. मेणबत्तीवर भांडं उपडं घालायचा प्रयोग त्यांच्या पुस्तकात आहे. तो मी त्यांना शाळेत करायला सांगते.

---

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी मी आठही खळग्यांच्या स्लाइड रंगवून वाचायला बसले. जंतू वाढला की अंगठी राहत नाही. आत तिळांचा पुंजका बसल्यासारखा दिसतो. पहिल्यात पुंजके होते, ते असायलाच हवेत. दुसऱ्यात होते. तिसऱ्यात. चौथ्यात जरा जास्तच वाटले. पाचवी स्लाइड वाचून झाल्यावर मी उठून पाणी प्यायले.

सहाव्यात पुंजके होते. सातव्यात होते. आठव्यात इतकं औषध असतं की तिथे मी तीन वर्षांत मेलेल्या काळ्या ठिपक्यांशिवाय काही पाहिलं नव्हतं. आठव्यातही होते.

“सर, जरा बघता?”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक स्लाइड शांतपणे पाहिली. ते कधीच घाई करत नसत. तीन वर्षांत आमचे सगळे नमुने पाचव्याच्या अलीकडे थांबले होते, आणि ‘या भागात गोळी पूर्ण लागू आहे’ असा अहवाल महिनाअखेर वर जायचा होता. त्यावरून पुढच्या सालच्या गोळ्या येणार होत्या.

“प्लेट खराब असेल,” ते म्हणाले. “प्लेटींच्या पेटीला ऊन लागलं असेल. मुलगी पिवळी होती ना?”

“हो सर. मीच पाहिलं.”

“मग जा. पुन्हा लघवी तपास, पुन्हा रक्त आण. एका प्लेटवर तोंड उघडायचं नाही, हे तुला सांगायला नको.”

मी सायकल काढली. सोमारी वर्गात नव्हती. तानाबाईच्या चुलीजवळ पोत्यावर पडली होती. मला बघून उठून बसली आणि पेजेची वाटी पुढे ओढली.

“आंगठ्या मेल्या का, बाई?”

“अजून नाही,” मी म्हटलं. “आणखी एकदा बाटली भरून दे.”

तिने तानाबाईकडे पाहिलं. तानाबाई चुलीकडे बघू लागली. बाटली आली. मी नळीत चार थेंब टाकले, हलवली आणि दाराच्या उजेडात धरली.

नळीचा तळ पिकल्या जांभळासारखा झाला होता.

“सोमारी, कालची बाटली कोणाची होती?”

तिने पेजेची वाटी मागे सारली.

“सांगून टाक आता,” तानाबाई म्हणाली. “नाई मारत त्या.”

“जैनीची.” जैनी पुंगाटी तिच्या बाकावर बसणारी, तिला ताप नव्हता.

“का गं?”

“मले दुर्बीन पाहाची होती.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “तुमी जांभळीले दाखवत नाई.”

मला तिचा राग आला, हे मी लपवणार नाही. माझी सगळी प्लेट फुकट गेली असं वाटलं. मी तानाबाईला विचारलं, “हिला गोळ्या कधी दिल्या?”

“तीन दिवस देल्या. मागच्या गुरुवारी सरल्या.”

“थुंकल्या असतील हिने.”

तानाबाई उभी राहिली. “माह्या हातची गोळी कोनी थुकत नाई, बाई. मी तोंड उघडून पायतो. जिभेखाली बोट घालतो. हिनं तिन्ही दिवस गिळली. तुमची नळीबी तेच सांगते ना? मंग मलेच कायले पुसता?”

मी सोमारीचं बोट पुसलं आणि रक्त घेतलं. ती कण्हली नाही. निघताना म्हणाली, “जैनीले नका रागवू.”

---

“म्हणजे नमुना बाद,” सर म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं झालं, ते मला दिसलं. त्यांनी नोंदवही ओढली, सोमारी नरोटेच्या नावावरून पट्टी धरून लाल रेघ मारली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं : जांभळा, बाद.

मी तो रकाना बघत होते. वरची ओळ : जांभळा, बाद. त्याच्या वरची. मी पान मागे उलटलं. ही वही मीच भरत आले होते. ओळीओळीला ते दोन शब्द माझ्याच अक्षरात होते.

“सर, हिच्या पोटात गोळ्या गेल्या होत्या.”

“म्हणूनच तर बाद.”

“पण सर, गोळ्या गेल्या, आणि जंतू तसाच आहे.”

“एवढ्यात कसं सांगणार? औषधाला वेळ लागतो.”

“गेल्या गुरुवारी संपल्या. सहा दिवस झाले.”

सरांनी पेनाला टोपण लावलं.

“आपण ज्यांचं रक्त घेतलं,” मी म्हटलं, “त्यांनी गोळी खाल्लीच नव्हती. ज्यांनी खाल्ली आणि तरी ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्या सगळ्या जांभळ्या. त्यांना आपण ओट्यावरूनच परत पाठवलं. तीन वर्षं, सर.”

“किती आहेत?”

मी मोजू लागले. सत्तर झाल्यावर त्यांनी हात वर केला. “पुरे.”

लांबून शाळेची घंटा ऐकू आली. सरांनी भिंतीतलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर, गोळी लागू पडली नाही तर द्यायच्या क्विनीनच्या सहा कुप्या होत्या. ते त्यांच्याकडे बघत पाठमोरे बोलू लागले.

“हे शिरेतून द्यावं लागतं. लहान जीव. रक्तातली साखर एकदम उतरते, हृदय बिघडतं. बघायला इथे काहीच नाही. जिल्ह्याला न्यायचं तर सहा तास आणि दोन नद्या. आणि हातात काय, तर एक प्लेट. तीही कदाचित खराब.” ते वळले. “तू आत्ता तिला पाहून आलीस. कशी आहे?”

“ताप आहे. पण बसून पेज घेते. बोलते.”

“मग तू सांग, शकुन. जीप आज काढायची, की ही दुसरी प्लेट उद्या संध्याकाळी वाचून?”

तीन वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आणि चूक ठरण्याची भीतीही वाटली. सहा तासांचा रस्ता, सुई, आणि मुलीला काही झालंच तर ते माझ्या शब्दावर. सोमारी पेजेची वाटी पुढे ओढताना डोळ्यांसमोर होती. चांगली होती.

“उद्या, सर,” मी म्हटलं. “एका प्लेटवर नको.”

“बरोबर,” ते म्हणाले. “चांगली शिकलीस.”

मी नव्या पेटीतली प्लेट काढली, सोमारीचं रक्त घातलं, मेणबत्ती लावली, झाकण बसवलं. ज्योत विझेपर्यंत उभी राहिले. नंतर बरणी उबेत ठेवून घड्याळ पाहिलं. पाच वाजले होते.

---

गुरुवारी उजाडतानाच अंगणात तानाबाईचा आवाज आला. ती दोन किलोमीटर चालत आली होती, पाठीला लुगड्याने सोमारी बांधलेली. मी धावत गेले. पोरीची मान मागे ताठली होती, डोळे अर्धे उघडे, दात आवळलेले.

“फडफडली,” तानाबाई म्हणाली. “कोंबडीसारखी फडफडली अन् मंग बोललीच नाई.”

सरांनी तिथेच, विश्रामगृहाच्या ओट्यावर, क्विनीन लावलं. वनखात्याच्या जीपमध्ये चालकाच्या मागे तानाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, सर सलाईनची बाटली धरून. मीही चढायला गेले.

“तू थांब,” सर म्हणाले. “संध्याकाळी प्लेट कोण वाचणार?”

जीपचा आवाज सागाच्या झाडांत गेला तरी बराच वेळ ऐकू येत होता. दिवसभर मी दुसरं काही केलं नाही. पाच वाजता बरणी उघडली. स्लाइड केल्या, रंगवल्या, वाळवल्या. पहिला खळगा, दुसरा, तिसरा. मी एकही वगळली नाही. आठव्यापर्यंत सगळीकडे तिळांचे पुंजके बसले होते.

दिवेलागणीला जीप परत आली. सहा तास जायला आणि सहा यायला लागतात, हे मला माहीत होतं. बारा तास अजून झाले नव्हते. मी पायरीवर उभी राहिले. तानाबाई मागे बसून होती आणि उतरत नव्हती.

सर जवळ आले. त्यांच्या सदऱ्यावर वाळलेला चिखल होता.

“दुसऱ्या नदीच्या अलीकडेच,” ते म्हणाले. मग, “प्लेट?”

“आठही.”

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला आणि पुसायला काहीच न मिळाल्यासारखे तो हातात धरून उभे राहिले.

---

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघंही शाळेत गेलो. सरांनी प्लेटींची पेटी स्वतः उचलली होती. खोलीत पडलेल्या, चुलीजवळच्या, तापातून उठलेल्या सगळ्या मुलींना तानाबाईने बाटल्या दिल्या होत्या. रांग नेहमीसारखीच लागली.

मी नळ्या हलवल्या, एकेक उन्हात धरली, जिची तिच्या हातात दिली.

“आज जांभळ्या बसा,” मी म्हटलं. “पिवळ्या वर्गात जा.”

कोणी हललं नाही. पुढची मुलगी हातातली जांभळी नळी पाठीमागे लपवून माझ्याकडे बघत होती. तीन वर्षं मी त्यांना उलटं शिकवलं होतं, आणि त्या नीट शिकल्या होत्या.

“जांभळ्या बसा,” मी पुन्हा म्हटलं. तानाबाईने तेच त्यांच्या बोलीत मोठ्याने सांगितलं. मग पहिली मुलगी ओट्याच्या कडेला टेकली.

जैनी पुंगाटी रांगेत नव्हती. खांबाला धरून बाजूला उभी होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, “बाई, मी बाटली देली म्हनून सोमारी मेली का?”

“नाही,” मी म्हटलं. खाली बसून तिच्या तोंडासमोर तोंड आणलं. “तू बाटली दिलीस म्हणून आम्हाला कळलं. आधीच कळायला हवं होतं. कळल्यावरही मी एक दिवस थांबले. ते तुझं नाही. ते माझं आहे.”

तिला किती समजलं कोण जाणे. तिने मान हलवली आणि वर्गाकडे गेली. पिवळी होती ना.

मी सुईचा डबा घेऊन ओट्याच्या टोकाला आले. ओटा केव्हाच भरला होता. मुली पायऱ्यांवर बसल्या होत्या, पायऱ्या संपल्यावर खाली मातीत, भिंतीच्या सावलीला, प्रत्येकीच्या हातात आपापली जांभळी नळी सरळ धरलेली, मी शिकवली होती तशी. मी पहिल्या मुलीचं बोट हातात घेतलं तेव्हा शेवटची मुलगी तिकडे हातपंपापाशी बसायला जागा शोधत होती.